बटाटे सोलायला लागणारा वेळ

लढाया, खून, प्रेम सगळं पडद्यावर भरपूर दाखवून झालं. घरकाम मात्र बहुतेक वेळा कात्रीत जातं. बाई चहा ठेवायला आत जाते आणि पुढच्याच शॉटमध्ये ट्रे घेऊन बाहेर येते. मधली दहा मिनिटं ज्यांना महत्त्वाची वाटली, त्यांचे सिनेमे मी पुन्हा पुन्हा पाहते.

व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘उंबेर्तो डी’ (१९५२) घ्या. गोष्ट एका पेन्शनर म्हाताऱ्याची, पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती त्या घरातली मोलकरीण, मारिया. पहाटे उठून ती स्वयंपाकघरात येते, काडी ओढते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, मग खुर्चीत बसून कॉफी दळायला घेते. उठायला नको म्हणून पाय लांबवून बोटांनी दार लोटते. ती गरोदर आहे, आणि बापाचा पत्ता नाही. डोळे भरून येतात, तरी हात दळत राहतो. संवाद एकही नाही.

शांताल अकरमन याच वाटेने कितीतरी पुढे गेली. ‘जान दीलमान’ (१९७५) २०१ मिनिटांचा आहे, ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस. कॅमेरा जागचा हलत नाही. बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा आपल्यालाही बसावं लागतं. आईबरोबर पाहत होते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि जान पातेलं घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते. आई लगेच म्हणाली, “हिचं काहीतरी बिनसलंय.” तोवर सिनेमाने तसं एका शब्दानेही सांगितलेलं नव्हतं. आदल्या दिवसाचं काम सबंध पाहिलं होतं, म्हणून एवढीशी चूक तिला धक्क्यासारखी जाणवली. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी या चित्रपटाला पहिला क्रमांक दिला, तो मला पूर्ण पटतो.

‘रोमा’ (२०१८) मात्र मला अर्धाच पटला. फरशी धुतल्याच्या पाण्यात विमानाचं प्रतिबिंब दिसतं. दृश्य सुंदर आहे, पण नजर फरशी धुणारीवरून सौंदर्याकडे सरकते. जिओ बेबीच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ने (२०२१) उलटी रीत धरली: चिरणं, घासणं, गळकं सिंक, टेबलावरची खरकटी, पुन्हा चिरणं. तुकडे छोटे, पण इतक्यांदा येतात की शिसारी बसते. ती बसायलाच हवी.

आजच्या मराठी चित्रपटांत ओटा बहुधा लखलखीत असतो, तेलाचा एक थेंब नाही. मग ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवतो. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम भजनात रंगलेले, आणि गौरींची जिजाई म्हैस, पोरं, रिकामी मडकी सांभाळणारी. तिच्या हातांना शेणामातीची सवय आहे, हे कोणीही ओळखेल. शेवटी तुकारामांना न्यायला वैकुंठाहून गरुड येतो. लोक त्याच्याकडे पाहत असतील. मी मात्र दर वेळी घरात, चुलीपुढे जिजाईला शोधते.