रस्ता, फिल्म आणि विलंब : 'निर्णायक क्षण' या संकल्पनेची फेरतपासणी

वास्तववादी कथा-कादंबरीची चर्चा करताना मराठी समीक्षेत 'छायाचित्रणात्मक' हे विशेषण दीर्घकाळ वापरले गेले आहे, आणि ते बहुतेक वेळा उणेपणा दाखविण्यासाठीच. लेखकाने समोरचे जसेच्या तसे टिपले, त्याची पुनर्रचना केली नाही, असा त्या विशेषणाचा रोख असतो. याउलट लघुकथेच्या संदर्भात 'नेमका क्षण पकडला आहे' असे म्हटले की तो गौरव ठरतो. निंदा आणि स्तुती या दोहोंमागे गृहीत मात्र एकच आहे : छायाचित्र एका क्षणात घडते, आणि त्या क्षणाबाहेर त्याला पूर्वपीठिका नसते, उत्तरक्रियाही नसते. हे गृहीत तपासण्यासाठी जुन्या फिल्म-कॅमेऱ्याने केलेले शहरी रस्त्यांचे छायाचित्रण हे विशेष उपयुक्त क्षेत्र आहे. क्षणाचा दावा तेथे सर्वांत प्रबळ आहे, आणि त्याच्या मर्यादाही तेथेच सर्वांत स्पष्ट होतात.

या दाव्याला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली ती आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ मधील पुस्तकामुळे. फ्रेंच आवृत्तीचे शीर्षक घाईघाईने, काहीसे चोरून उचललेल्या प्रतिमा असे सुचविणारे होते. इंग्रजी आवृत्तीने त्याच्या जागी 'निर्णायक क्षण' हे शीर्षक घेतले आणि तेच जगभर रूढ झाले. शीर्षकाचा हा बदल केवळ भाषांतराचा नाही. पहिल्या शीर्षकात रस्त्यावरच्या माणसाशी असलेला एक संशयास्पद संबंध मान्य केलेला आहे. दुसऱ्यात तो संबंध पुसला जाऊन छायाचित्रकाराच्या प्रतिभेचा विजय तेवढा उरतो.

त्याचे १९३२ मधील साँ-लाझार स्थानकामागचे छायाचित्र या संकल्पनेचे प्रमाण उदाहरण मानले जाते. साचलेल्या पाण्यावरून उडी घेणारा माणूस, त्याचे पाण्यातले प्रतिबिंब आणि मागच्या भित्तिपत्रकावरची तशीच झेपावणारी आकृती यांचा त्यात मेळ जमला आहे. परंतु हे छायाचित्र कुंपणाच्या फटीतून घेतले होते आणि चौकटीत आलेला कुंपणाचा भाग नंतर कापून टाकावा लागला. निगेटिव्ह पूर्ण छापावी, असा आग्रह धरणाऱ्या छायाचित्रकाराची ही सर्वांत प्रसिद्ध कृती त्याच आग्रहाला अपवाद आहे. प्रमाण उदाहरणातच क्षणानंतरचा हात काम करताना दिसतो, ही गोष्ट समीक्षेने गांभीर्याने घ्यायला हवी.

क्षणाच्या आधीही बरेच काही ठरलेले असते. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाने चित्रपटाची ३५ मिमी फिल्म वापरली, २४ × ३६ मिमीची चौकट रूढ केली आणि कॅमेरा कोटाच्या खिशात आणला. अशा कॅमेऱ्याने रस्त्यावर काम करणारे अनेक जण प्रत्येक वेळी फोकस जुळवत नाहीत. अंतर आधीच ठरवून ठेवतात. ३५ मिमीचे भिंग एफ-८ वर आणि अंतर ३ मीटरवर ठेवले, तर सुमारे २ ते ७ मीटरच्या पट्ट्यातले सारे पुरेसे स्पष्ट येते. याचा अर्थ असा की, समोरचा माणूस येण्यापूर्वीच छायाचित्रकाराने त्याच्यापासूनचे आपले अंतर निश्चित केलेले असते. कथनमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर घटना घडण्यापूर्वीच निवेदकाचे स्थान ठरलेले असते.

यंत्र बदलले की हे स्थानही बदलते. १९२९ मध्ये आलेला रोलायफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी किंवा छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेवर उमटलेली प्रतिमा पाहायची असते. ती प्रतिमा उजवी-डावी उलटलेली असते. चौकट चौकोनी, आणि १२० क्रमांकाच्या एका रोलवर अवघी बारा छायाचित्रे. लायका डोळ्याला लावणारा छायाचित्रकार समोरच्याकडे उघडपणे रोखून पाहत असतो. रोलायफ्लेक्सवाला पाहण्यासाठी नजर खाली करतो. भिंग खालच्या पातळीवर असल्यामुळे माणसे किंचित उंच, इमारतींच्या व आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी राहतात. माणसाने छायाचित्रकाराच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर त्याची नजर भिंगाच्या वरून जाते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी जडणारे नाते, म्हणजेच या छायाचित्रणाचा नैतिक आशय, असा शरीराच्या ठेवणीतून सिद्ध होतो. त्याला केवळ 'तंत्र' म्हणून समीक्षेबाहेर ठेवता येत नाही.

तथापि फिल्मचे खरे वैशिष्ट्य शटर मिटल्यानंतर सुरू होते. प्रकाश पडताच फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या कणांत चांदीचे मोजके अणू मुक्त होतात. एवढाच बदल घडलेला असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. रसायनात धुतल्यावर तो कोट्यवधी पटींनी वाढून प्रतिमा प्रकट होते. मधल्या अवस्थेला सुप्त प्रतिमा म्हणतात. ती आहे, पण तिला अजून पाहणारा नाही, छायाचित्रकारही नाही. त्यानंतर निगेटिव्ह, मग तिच्या आकाराच्या छापांची काँटॅक्ट शीट, त्यावर पेन्सिलीची खूण आणि शेवटी मुद्रण असा क्रम असतो. रॉबर्ट फ्रँकने १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर हिंडून सुमारे २७,००० छायाचित्रे घेतली; त्याच्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकात (पॅरिस, १९५८; न्यूयॉर्क, १९५९) त्यांतली ८३ आहेत. हे पुस्तक सत्तावीस हजार क्षणांचा सारांश नव्हे. कोणत्या पानापुढे कोणते पान यावे, या निर्णयांतून त्याचा अर्थ निर्माण होतो. निवड आणि क्रम हेच येथे लेखन आहे.

गॅरी विनोग्रँडने (१९२८–१९८४) या विलंबाला जाणीवपूर्वक पद्धतीचे रूप दिले. तो घेतलेले रोल बराच काळ न धुता ठेवीत असे. छायाचित्र घेताना जी उत्कटता अनुभवली ती विसरली जावी, आणि काँटॅक्ट शीटवरची चौकट तिऱ्हाइताने घेतल्यासारखी तपासता यावी, हा त्यामागचा हेतू होता. घेणारा आणि निवडणारा हे एकाच देहातले दोन वेगळे कर्ते आहेत, हे येथे कृतीनेच मान्य झाले आहे. मात्र ही पद्धत शेवटी तिच्या कर्त्यावरच उलटली. मृत्यूसमयी त्याच्यामागे सुमारे २,५०० न धुतलेले रोल राहिले; धुतलेल्या पण पुढे न पाहिलेल्या रोलांची संख्या याहूनही मोठी होती. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जॉन झारकोव्स्कीने त्याचे जे प्रदर्शन मांडले त्यात, आणि पुढे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या प्रदर्शनातही, विनोग्रँडने स्वतः कधीच न पाहिलेली छायाचित्रे त्याच्या नावावर लागली.

व्हिव्हियन मायरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली जन्मलेली मायर शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करीत रोलायफ्लेक्स घेऊन रस्त्यांवर हिंडत राहिली. भाडे थकल्यामुळे तिने गोदामात ठेवलेले सामान २००७ मध्ये लिलावात विकले गेले. २००९ मध्ये तिचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर ती जगप्रसिद्ध झाली. लाखाहून अधिक निगेटिव्ह, न धुतलेले पुष्कळ रोल आणि त्यामानाने थोडी मुद्रणे असा हा ठेवा आहे. प्रदर्शनांतून व पुस्तकांतून सामोरी येणारी मायर मुख्यतः निगेटिव्ह विकत घेणाऱ्यांनी आणि संपादकांनी निवडलेली आहे. तिने स्वतः केलेल्या मुद्रणांत चौकोनाची काटछाट अनेकदा आढळते. मरणोत्तर मुद्रणांत पूर्ण चौकोन ही जणू तिची स्वाक्षरी मानली गेली. म्हणजे जिला आज 'मायरची शैली' म्हटले जाते, तिचा काही भाग तरी मायरने घेतलेलाच नसलेल्या निर्णयांचा आहे.

मरणोत्तर संपादन साहित्याला नवे नाही. केशवसुतांच्या निधनानंतर (१९०५) त्यांच्या कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांनी १९१७ मध्ये सिद्ध केला. पण तेथे संपादकासमोर कवीने लिहिलेल्या ओळी होत्या; कवीने त्या वाचल्या होत्या, खोडल्या होत्या, आपल्या मानल्या होत्या. न धुतलेल्या रोलमधली प्रतिमा तिच्या कर्त्यानेही 'वाचलेली' नसते. तिला हस्तलिखित म्हणावे, तर ते लिहिणाऱ्याला अदृश्य असलेले हस्तलिखित आहे. म्हणून विनोग्रँड किंवा मायर यांच्या अशा प्रतिमांबद्दल बोलताना 'कलावंताची दृष्टी' हा शब्दप्रयोग सैलपणे वापरता येणार नाही. छायाचित्र कोणी घेतले आणि कोणी निवडले, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. असे केल्याने मायरचे मोल कमी होत नाही. उलट, तिने जे खरोखर केले, म्हणजे कोठे उभे राहिले आणि किती अंतर राखले, ते अधिक नेमकेपणाने तिच्या पदरात पडते.

निवड डिजिटल छायाचित्रणातही असतेच, मग फिल्मचे वेगळेपण काय, असा आक्षेप येथे संभवतो. आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर निवडीत नसून विलंबात आहे. पडद्यावर प्रतिमा लगेच दिसते, तेव्हा छायाचित्रकार रस्त्यावर असतानाच स्वतःचा पहिला वाचक होतो आणि पुढची चौकट त्या वाचनाने घडते. फिल्मवर काम करणाऱ्याला आधीच्या चौकटीचे वाचन उपलब्ध नसते. त्याला केवळ रस्त्याच्या आधारे पुढे जावे लागते. लायकाने २०२२ मध्ये एम-६ हे जुने प्रारूप पुन्हा बाजारात आणले; जुन्या कॅमेऱ्यांकडे वळणारी तरुण पिढीही आज लक्षणीय आहे. या ओढीला गतकातरता म्हणून निकालात काढणे सोपे आहे. तिच्यात हौसेचा भाग असेलही. परंतु पाहणे आणि पाहिलेले वाचणे यांच्यात अंतर पडावे, ही मागणीही तीत आहे. मात्र फिल्म धुऊन येताच निगेटिव्ह स्कॅन करून सर्वच्या सर्व चौकटी तत्काळ प्रसृत केल्या, तर कॅमेरा जुना राहूनही ती मागणी फसवी ठरते.

या विवेचनातून मराठी समीक्षेच्या दोन्ही रूढ शब्दप्रयोगांबाबत काही निष्कर्ष निघतात. 'छायाचित्रणात्मक' म्हणजे यांत्रिक नक्कल हे समीकरण टिकत नाही, कारण ज्या कृतीला नक्कल म्हटले जाते तिच्यात स्थान, अंतर, विस्मरण, निवड व क्रम हे सारे लेखनव्यापार आहेत. 'क्षण पकडणे' ही स्तुतीही अपुरी पडते. कथा एखादा क्षण पकडते असे म्हणण्याऐवजी तिचा निवेदक घटनेपासून किती अंतरावर उभा होता, आणि घटना व तिचे कथन यांच्यात किती काळ गेला, असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. छायाचित्राचे रूपक समीक्षेला वापरायचेच असेल, तर ते शटरच्या आवाजापाशी न थांबविता काँटॅक्ट शीटवरच्या पेन्सिलीच्या खुणेपर्यंत नेले पाहिजे. आणि ती खूण कोणाच्या हातची आहे, हेही नोंदवले पाहिजे.