उलट टपालाने आलेली समीक्षा

दिवाळी अंकात समीक्षा लिहावयाची म्हणजे वर्षभरातील एखादी कादंबरी, एखादा कवितासंग्रह, फार तर एखादे गाजलेले नाटक घ्यावयाचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज जे लेखन घेतले आहे त्याला कोणी वाङ्मय म्हणत नाही. रेडिओ, रडार, मोबाइल, मायक्रोवेव्ह ह्या विषयांवर मराठीत जे तांत्रिक लेख येतात ते वाचून लोक जी पत्रे लिहितात, त्या पत्रांविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत. कवितेला समीक्षक मिळतात. तांत्रिक लेखाला मिळत नाहीत. त्याचे बरेवाईट ठरविणारा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे पत्र लिहिणारा वाचक. त्याच्या पत्राला आपण 'शंका' म्हणतो आणि शंकानिरसन करून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की ती नुसती शंका नसते. तो लेखावरचा अभिप्राय असतो, आणि पुष्कळदा प्रतिकूल असतो.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात मी बिनतारी विद्येवर सहा लेख लिहिले. मुक्काम तेव्हा दौंड तालुक्यातील भांडगावास होता. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत ओलांडून चौफुल्याकडे निघाले की हे गाव लागते. पत्रे आली ती बहुतेक ह्याच पंचक्रोशीतली. निम्मी कागदावरची, निम्मी व्हॉट्सॲपवरची. 'लेख अत्यंत माहितीपूर्ण वाटला' अशी पत्रे मी प्रथम जपून ठेवली आणि प्रश्नांची पत्रे बाजूला सारली. आज उलट वाटते. स्तुतीच्या पत्रांवरून लेख वाचला गेला की नाही हेसुद्धा कळत नाही. प्रश्नांच्या पत्रांवरून तो कोठे बंद पडला ते नेमके कळते.

पहिला लेख दौंडवरच होता. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड ह्यांच्यामध्ये मार्कोनीच्या 'बीम' पद्धतीने बिनतारी तारायंत्र सुरू झाले. इकडून संदेश पाठविणारे केंद्र खडकीला होते आणि तिकडून आलेले संदेश पकडणारे केंद्र दौंडला. आगगाडीच्या जंक्शनापलीकडे दौंडला हा एक मान होता, हे वाचून लोक सुखावले. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र दोनच ओळी लिहिल्या: पाठवायचे खडकीहून आणि घ्यायचे दौंडला, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? एकाच आवारात दोन्ही का नाही?

मी सनावळी दिली होती, कंपन्यांची नावे दिली होती, कारण दिले नव्हते. कारण साधे आहे. सुमारे सात हजार किलोमीटरवरून आलेली लाट इतकी क्षीण असते, की शेजारीच मोठे प्रक्षेपणयंत्र गर्जत असेल तर ती ऐकूच येणार नाही. वरातीचा बँड चालू असताना माजघरातले कुजबुजणे ऐकू येत नाही, तसेच. म्हणून ऐकणारा कान बोलणाऱ्या तोंडापासून दूर नेऊन ठेवला. इंग्लंडातही ह्याच मार्गासाठी प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळ आणि ग्रहण स्केगनेसजवळ होते. सबंध लेखातील हीच गोष्ट विद्येची होती, बाकीचा इतिहास होता. आणि ती मला वाचकाने विचारून घ्यावी लागली.

दुसरा लेख जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर, म्हणजे जीएमआरटीवर होता. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. ह्या लेखावर सर्वांत अधिक विचारलेला प्रश्न असा: ह्या छत्र्या तर जाळीच्या आहेत, लाटा जाळीतून गळून जात नाहीत का?

मी उत्तरात चाळणीचा दाखला दिला. पीठ गळते, कोंडा राहतो. त्याप्रमाणे भोकांपेक्षा बरीच मोठी लाट जाळीला भक्कम पत्राच समजते व परावर्तित होते. खोडदची भोके १० ते २० मिलिमीटरची. पकडावयाच्या लाटांपैकी हायड्रोजनची लाट २१ सेंटिमीटरची, म्हणजे एक वीतभर, आणि बाकीच्या बहुतेक त्याहून लांब. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. दाखला लोकांना पटला. पण एका मुलीने लगेच विचारले, की चाळणीत कोंडा अडतो आणि तेथेच पडून राहतो, मग लाटा छत्रीत साचतात का? तिचे खरे होते. चाळण अडविते; जाळी अडवून परत फेकते, आणि तीही एका ठरावीक बिंदूकडे. उपमा अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते, आणि पुढे ती सोडली पाहिजे हे सांगण्याचे काम लेखकाचे असते. कवितेतील उपमेची आपण इतकी चिकित्सा करतो. तांत्रिक लेखातील उपमेची शाळेतल्या मुलीने करावी लागली.

त्याच लेखावर पुढे नारायणगावाकडून एक रागाचे पत्र आले. पुणे-नाशिक नियोजित रेल्वेचा त्या भागातून जाणारा मार्ग दुर्बिणीला बाधक ठरतो म्हणून तो बदलावा लागत असल्याचे २०२४-२५ मध्ये केंद्र सरकारकडून सांगण्यात आले. पत्रलेखकाचा सवाल असा, की तुमच्या ताऱ्यांसाठी आमच्या गाडीने का अडावे? मी जागतिक कीर्तीचे दोन परिच्छेद लिहिले होते. ज्यांच्या गावावरून त्या कीर्तीची किंमत वसूल होते त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. आता उत्तर द्यावयाचे तर ते दौंडच्या शिक्षकांना दिलेलेच आहे. विजेच्या गाडीच्या तारांवर ठिणग्या उडतात, यंत्रसामग्री रेडिओ-गोंगाट करते, आणि आकाशातून येणारी कुजबुज इतकी मंद असते की ती मोजण्याच्या एककात दशांश चिन्हापुढे पंचवीस शून्ये येतात. एवढे सांगून प्रश्न मिटत नाही. गाडी हवी हे म्हणणे अडाणीपणाचे नाही. दोन चांगल्या गोष्टींपैकी एकीला वाट द्यावयाची हा सार्वजनिक निर्णय आहे, आणि विज्ञानलेखकाने तो 'लोकांना विज्ञान कळत नाही' अशा सुरात उडवून लावणे हा लेखनाचा दोष आहे.

वाचक नेहमीच बरोबर असतो असेही माझे म्हणणे नाही. मार्कोनीचे नाव छापताच सात-आठ संतप्त पत्रे आली: जगदीशचंद्र बोस ह्यांचे नाव कोठे आहे? ही तक्रार रास्त होती. बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती. काही मिलिमीटर लांबीच्या लाटांवर त्यांनी जे काम केले ते आजच्या मायक्रोवेव्ह विद्येच्या पायाशी आहे. परंतु पत्रांचा रोख बोस काय करीत होते हे समजून घेण्याकडे नव्हता, मार्कोनीला चोर ठरविण्याकडे होता. बोस अतिशय आखूड लाटांचे गुणधर्म तपासत होते. मार्कोनी लांब लाटांनी समुद्रापार संदेश नेण्याच्या खटपटीत होता. दोघांचा मार्ग निराळा. ह्या पत्रांतील एकानेही 'मिलिमीटर' म्हणजे केवढे, असे विचारले नाही. अभिमानाला प्रश्न पडत नाहीत, म्हणून समीक्षा ह्या दृष्टीने मला ती पत्रे उणी वाटतात.

आता मुख्य पत्राकडे येतो. पाचवा लेख मोबाइलच्या टॉवरवर होता. गावात टॉवरवरून वाद चालू होता आणि मी 'भीती अनाठायी आहे' अशा मथळ्याखाली सारे शांत करण्याचे ठरविले होते. भांडगावच्याच एका आजींनी नातवाकडून लिहवून घेतलेले पत्र आले. सुनेच्या माहेरून मायक्रोवेव्ह ओव्हन आलेला. त्यात भाकरी अर्ध्या मिनिटात वाफाळते, जाळ दिसत नाही. दोन्ही लाटा एकाच जातीच्या असे मीच लिहिले होते. मग एक लाट भाकरी तापविते आणि दुसरी आम्हाला तापवीत नाही, हे कसे?

ह्या प्रश्नासमोर माझा लेख उघडा पडला. मी 'सुरक्षित' हा शब्द चार वेळा वापरला होता, आकडा एकदाही दिला नव्हता. आणि दुसरी चूक त्याहून मोठी होती: मथळ्यात भीती नको म्हणत मी आत सर्वत्र 'किरणोत्सर्ग' हा शब्द वापरला होता, वृत्तपत्रे वापरतात तसा. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम, रेडियम ह्यांसारख्या द्रव्यांचा धर्म. रेडिओच्या लाटांना, उष्णतेला, प्रकाशाला जो सामान्य शब्द आहे तो 'प्रारण'. किरणोत्सर्ग म्हटले की वाचकापुढे हिरोशिमा उभे राहते. त्या शब्दाने भीती घालावयाची आणि मग वाचक भितो म्हणून त्याला हसावयाचे, हा व्यवहार मीही केला होता. प्रारण हा शब्द रुळलेला नाही हे खरे. तर मग सरळ 'लाटा' म्हणावे, खोटा शब्द घालू नये.

आजींना जे उत्तर पाठविले ते असे. हुरड्याच्या आगटीत कणीस भाजते. त्याच गावच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या कंदिलाने हातही शेकत नाही. अग्नी तोच, किती आणि किती लांब, ह्यावर सारे ठरते. ओव्हनमध्ये सात-आठशे वॅट शक्ती एका बंद लोखंडी पेटीत कोंडलेली असते. तिची लाट बारा सेंटिमीटरची, दाराच्या जाळीची भोके एक-दोन मिलिमीटरची, म्हणून ती बाहेर पडत नाही. खोडदच्या छत्रीचाच हा न्याय. टॉवरची अँटेना समजा २० वॅट देते आणि ती शक्ती एका दिशेला पन्नास पटींनी एकवटते. तरी ५० मीटरवर, झोताच्या ऐन मध्यात, एका चौरस मीटरवर सुमारे ०.०३ वॅट पडते. उन्हाळ्यातील भरदुपारी तेवढ्याच जागेवर ऊन सुमारे १००० वॅट टाकते. शिवाय टॉवर दूर गेला की हातातला फोन अधिक जोराने बोलू लागतो, आणि तो तर कानाला लावलेला असतो.

मी समाधानाने पाकीट बंद केले. पंधरा दिवसांनी उलट टपाल आले. आजींना आकडे पटले होते. पण नातवाने त्यांना वाचून दाखविले होते, की भारताने २०१२ साली टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठरविली. ९०० मेगाहर्ट्‌झला तिकडे चौरस मीटरला ४.५ वॅट, इकडे ०.४५. भीती जर अनाठायी आहे, तर सरकारने ती दहा पटींनी कशासाठी घेतली?

ह्याला खरे उत्तर असे आहे, की ती मर्यादा सावधगिरीची आहे, अपायाचा पुरावा सापडला म्हणून घातलेली नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ह्या लाटांना 'कदाचित कर्करोगकारक' ह्या गटात टाकले. म्हणजे पुरावा अपुरा, पण दार बंद केलेले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्याच संघटनेने करविलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग ह्यांचा संबंध आढळला नाही. हे सारे लेखातच यावयास हवे होते. 'भीती अनाठायी' असा मथळा देण्याऐवजी 'किती, कोठून, आणि कोणी मोजले' असा दिला असता, तर आजींना दोनदा टपालखर्च पडला नसता.

सहावा लेख ह्या पत्रव्यवहारानंतर लिहिला, आणि तो लिहिण्यापूर्वी प्रथमच लोकांना विचारले की तुम्हाला काय जाणून घ्यावयाचे आहे. एकमुखाने उत्तर आले: तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला निघते तेव्हा भांडगावात टॉवर समोर दिसतो, रेंज भरलेली असते, आणि तरी फोन लागत नाही, का? रेंज म्हणजे टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत येतो एवढेच. टॉवर एका वेळी मोजक्याच लोकांशी बोलू शकतो आणि लाखो वारकरी एकदम बोलू पाहतात, एवढ्यावर तो लेख उभा राहिला. त्यात एकही सनावळी नव्हती. त्यावर स्तुतीचे एकही पत्र आले नाही. बावीस पत्रे आली, आणि बावीसही प्रश्नांची होती. त्यांतले एक आजींचे आहे. पालखीत हरवलेल्या माणसाचा फोन लागत नसेल तर एसएमएस जातो, तो कोणत्या वाटेने, असे त्यांनी विचारले आहे. हा अंक छापून होईपर्यंत त्याचे उत्तर गेले पाहिजे.