पटवर्धनांची माणसं

सुधीर पटवर्धन ठाण्यात एक्स-रेचे डॉक्टर होते, हे कळल्यापासून मी त्यांची चित्रं जरा निराळ्या नजरेनं बघते. जन्म १९४९चा, पुण्याचा; डॉक्टरकीही पुण्यातच शिकले. चित्रं काढायला मात्र आपलं आपणच शिकले. दिवसभर ज्याच्यापुढे माणसांची हाडं, त्याला माणसं सगळी सारखीच दिसायला हवीत, नाही का? चित्रात उलटंच होतं. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) मधला माणूस बघा. नुसता बसलाय, पण ते बसणं त्याचं एकट्याचं आहे. जड अंग, दिवसभराचा शीण, आणि कुणी बघितलं तरी न सावरणं.

आमच्या बस्तीतल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आठवतात. चेहरे सारखे, उभं राहणं सारखं. कोण ते खालच्या लांछनावरून ओळखायचं. बैल असेल तर ऋषभदेव, सिंह असेल तर महावीर. ‘मी’ सोडला म्हणून ते सारखे. कष्टकऱ्याचं तसं नाही. त्याला बघणाराच सारखा करून टाकतो: हमाल, मजूर, बाई. पटवर्धन डाव्या विचारांकडे ओढलेले, ‘कामगार’ नावाचा एक ठोकळा रंगवून मोकळे झाले असते. झाले नाहीत. खांद्याचा उतार, पोटाचा घेर यांतून एकेक माणूस वेगळा राहिला. १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख यांच्याबरोबर तेही होते. चित्रात माणसाला जागा द्या, असं त्या नावातच होतं.

पुढे शहर मोठं होत गेलं आणि माणूस लहान. ‘लोअर परेल’ (२००१) मध्ये गिरणीचा मुलूख जातोय, टॉवर येताहेत. चित्र मोठं आहे, मान्य. पण मला त्यात माणसं शोधावी लागतात. जोयड्यात गॅलरी कुठली. मी हे सारं पुस्तकाच्या वीतभर पानावर बघितलं, तेव्हा माणसं बारीक दिसणारच. तरी ‘इराणी रेस्टॉरंट’ही तेवढ्याच पानावर होतं आणि तो माणूस अंगावर आला होता. म्हणून हा दोष सगळाच पानाचा नव्हे.

की चित्रकार खरंच तेवढं बघत होता? काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. धरणाची उंची पाटीवर सापडते, मेगावॅटही सापडतात. उठून गेलेल्यांतली एखादी बाई डोक्यावर बोचकं घेऊन कशी चालली, मान ताठ होती की वाकलेली, हे कुणी रंगवलेलं माझ्या पाहण्यात नाही. १९७७ साली ज्या हातानं तो इराण्याकडचा माणूस रंगवला, तसा हात त्या वेळी इकडे हवा होता.