पोटखराब्यातली माणसे

कोकणावरच्या कथा-कादंबऱ्या मी शाळेपासून वाचत आलो. सातबारा मात्र नीट वाचला तो चाळिशी उलटल्यावर, भाऊबंदकीच्या एका कामात. तिथे ‘पोटखराबा’ हा शब्द भेटला. लागवडीला न येणाऱ्या जमिनीला महसूल खाते असे म्हणते. आमचे कातळी सडे कागदोपत्री बहुधा या सदरात, नाहीतर ‘वरकस’मध्ये मोडतात. वास्तविक याच सड्यावर पावसाळाभर गुरे चरतात, याच कातळात मुरलेले पाणी पायथ्याच्या विहिरींना पुरते. रत्नागिरी-राजापूरकडच्या अशाच सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शेरा मात्र बदलला नाही.

जमिनीवर जसा शेरा, तसा माणसावरही. कोकणी माणूस म्हणजे गरीब पण समाधानी, तिरकस, आळशी, मनिऑर्डरीची वाट पाहणारा आणि बांधाच्या वीतभर जागेसाठी कोर्टाची पायरी चढणारा. हा शेरा निरुपद्रवी विनोद नाही, असे मला या लेखात मांडायचे आहे. ‘ओसाड जमीन आणि रिकामटेकडी माणसे’ हे चित्र आधी तयार असले, की खाण हा उपकार ठरतो.

हे चित्र पक्के होण्यात आपल्या वाचनाचा वाटा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला अंतू बर्वा घ्या. त्या विनोदाखालचे दारिद्र्य आणि एकटेपण पुलंनी लपवलेले नाही. आपण वाचकांनी मात्र तिरकसपणा तेवढा उचलला आणि तो सगळ्या जिल्ह्याला चिकटवला. श्री. ना. पेंडसे तर आमच्या शेजारच्या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधला बापू गावापुढे वाकत नाही. पण तो एकटा लढतो. वल्ली एकटी, बंडखोरही एकटा. गाव असते ते कुजबुजायला आणि आडवे यायला. गाव एकत्र बसून काही ठरवते आहे, हे दृश्य कोकणावरच्या आपल्या लोकप्रिय साहित्यात मला फारसे सापडत नाही.

प्रत्यक्षात ते घडलेले आहे. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. खोताच्या वाड्याची पडझड आपल्या वाङ्मयात सविस्तर आली. कुळांच्या संपाला तेवढी जागा मिळाली नाही.

अलीकडचे उदाहरण सिंधुदुर्गातले. दोडामार्ग तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत कळणे नावाचे गाव आहे. तिथल्या लोहखनिजाच्या खाणीसाठी २००८ साली जनसुनावणी झाली. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मराठी कागद वेळेवर मिळाले नाहीत, हा गावकऱ्यांचा पहिला आक्षेप होता. ज्या माणसाला आपण ‘कज्जेदलाल’ म्हणून हसलो, त्याचीच सवय इथे कामी आली: कागद मागणे, तारीख लक्षात ठेवणे, हरकत लेखी नोंदवणे. फरक इतकाच, की भांडण भावाशी नव्हते आणि माणूस एकटा नव्हता.

तरीही २००९ साली मंजुरी आली आणि खाण सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये खाणीचा कडा कोसळून पाणी आणि चिखल गावात शिरला. मग लढा वाया गेला का? मला तसे वाटत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली अहवाल दिला. आपला परिसर संवेदनशील क्षेत्र घोषित करा, अशी मागणी करणारे सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांचे ठराव त्या समितीपुढे आले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यासाठी तशी अधिसूचना काढण्याच्या दिशेने केंद्राला आदेश दिले. याच गाडगीळ अहवालात आमच्या जिल्ह्याचीही एक नोंद आहे: २००७ ते २००९ या काळात रत्नागिरीत १९१ दिवस जमावबंदी लागू होती. माणसे खरोखर आळशी आणि समाधानी असती, तर एवढी जमावबंदी कशाला लागली असती?

हे केवळ कोकणाचे नाही. अमेरिकेतल्या ॲपलाशिया या कोळसापट्ट्यातल्या माणसांनाही ‘हिलबिली’ म्हणजे अडाणी डोंगरी म्हणून हिणवले जाते. तिथल्याच केंटकी राज्यात १९६५ साली ऑली कोम्ब्स ही विधवा आपली जमीन वाचवायला बुलडोझरसमोर बसली. पुढे १९८८ मध्ये, जुन्या खनिजहक्कपत्रांच्या जोरावर मालकाच्या संमतीविना जमीन खरवडण्याला तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून आळा घातला.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘भोळा, निसर्गपूजक गावकरी’ हाही एक शेराच आहे. खाणपट्ट्यात डंपर लावणारे, खाणीवर पोट असणारे स्थानिकही असतात. त्यांना गद्दार म्हणून प्रश्न सुटत नाही. हर्णेच्या बंदरावर ज्याच्या घरात चार महिने आवक नसते, त्याला रोजगाराचे मोल मी काय सांगणार? ग्रामसभेचे महत्त्व एवढ्याचसाठी, की हे दोन्ही आवाज तिथे समोरासमोर येतात.

दापोली-मंडणगडच्या किनारी सड्यांतही बॉक्साइट आहे आणि ते काढलेही जाते. म्हणून हा विषय माझ्यापुरता निव्वळ वाङ्मयीन नाही. समीक्षकांना माझी एकच विनंती आहे. कोकणावर लिहिताना कादंबऱ्यांच्या शेजारी त्या २५ ग्रामसभांचे ठराव आणि जनसुनावणीची इतिवृत्ते ठेवून वाचा. तेही मराठी गद्यच आहे, आणि त्यात कोकणी माणूस स्वतःबद्दल स्वतः बोलतो आहे.