लघु-गुरूंची एकाकी शर्यत

वाङ्मयाच्या मासिकांत बिनतारी यंत्रांच्या शर्यतीचा विचार कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास उत्तर असें कीं, जेथें माणूस अक्षरांचा उपयोग करतो तेथें टीकाकारालाहि थोडा अधिकार पोंचतो. आणि ज्या शर्यतीविषयीं आम्ही लिहीत आहों तींत अक्षरांवांचून दुसरें कांहींच नाहीं. चेहरा नाहीं, आवाज नाहीं, हातवारे नाहींत. केवळ ठिपका आणि रेघ. शिवाय हीं अक्षरें ज्या व्यवहारासाठीं निर्माण झालीं तो व्यवहार आतां संपला आहे. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. हौशी बिनतारी चालकाला परवान्यासाठीं मोर्सची लिपि आलीच पाहिजे, हें आंतरराष्ट्रीय बंधन २००३ सालीं सुटलें, आणि अमेरिकेनें २००७ सालीं ती परीक्षाच काढून टाकली. असें असूनहि दरवर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस जगांतील हजारों माणसें दोन दिवस हीं अक्षरें एकमेकांकडे पाठवीत बसतात. उपयोग संपल्यावरहि जी गोष्ट टिकते ती एक तर सवय असते, नाहीं तर कला. या दोहोंपैकीं ही कोणती, याचा निर्णय करावयाचा आहे.

ज्या शर्यतीचा येथें विशेष विचार करावयाचा ती 'सी-क्यू वर्ल्ड वाइड' या नांवानें ओळखली जाते. तिची परंपरा १९४८ पासूनची आहे. मोर्सची शर्यत नोव्हेंबरांतील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं होते. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणें शनिवार लागतांच ती सुरू होते व रविवार संपतांच संपते. म्हणजे आपल्याकडे शनिवारीं पहाटे साडेपांचपासून सोमवारीं पहाटे साडेपांचपर्यंत, पुरे ४८ तास. पृथ्वीचे ४० विभाग पाडलेले असून भारताची मुख्य भूमि २२ व्या विभागांत मोडते. दोघांची गांठ पडली कीं प्रत्येकानें आपलें संकेतनाम, समोरच्याच्या ध्वनीची प्रत सांगणारा तीन अंकी आंकडा आणि आपला विभाग, एवढेंच सांगावयाचें. परखंडांतील माणसाशीं गांठ पडल्यास ३ गुण, आपल्याच खंडांतील दुसऱ्या देशास साधारणपणें १, आणि स्वदेशीयास शून्य. १६० मीटरपासून १० मीटरपर्यंतच्या सहा तरंगपट्ट्यांवर जितके देश आणि जितके विभाग मिळतील त्यांच्या बेरजेनें एकंदर गुणांस गुणावयाचें. जो एकटा उतरतो त्यानें ऐकणें, पाठविणें, शोधणें आणि नोंदणें हीं चारहि कामें एकट्यानेंच करावयाचीं.

नियम असे कोरडे आहेत. परंतु बुद्धिबळाचे नियमहि कोरडेच असतात. खरा खेळ नियमांच्या फटींत सुरू होतो. वातावरणाच्या वरच्या थरांत, ज्यास आयनांबर म्हणतात तेथें, हे तरंग परावर्तित होऊन पृथ्वीच्या पाठीवर दूर कोठें तरी उतरतात. दिवसा १० व १५ मीटरचे पट्टे दूरवर पोंचतात; सूर्य मावळला कीं ८० व १६० मीटरचे जागे होतात. त्यांतहि सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें चक्र आपला हात राखून असतेंच. अशा स्थितींत एका जागीं बसून हांक मारीत राहावें आणि येतील त्यांना उत्तरें द्यावीं, कीं पट्टाभर हिंडून एखादा दुर्मिळ देश गांठावा? पहिल्या मार्गानें संख्या वाढते, दुसऱ्यानें गुणक वाढतो. निष्णात चालक तासाला शंभर-दीडशें गांठी घेतो. कित्येक जण दोन यंत्रें मांडून एका कानानें एक व दुसऱ्या कानानें दुसरें ऐकतात. दुसऱ्या रात्रीं झोंप अनावर होते, आणि तेव्हां एक तास झोंपावें कीं नाहीं हाहि हिशेबाचाच प्रश्न होऊन बसतो.

आतां त्या अक्षरांकडे वळूं. आपल्या छंदःशास्त्राचा ज्यास परिचय आहे त्यास मोर्सची लिपि परकी वाटूं नये. ठिपका हा लघु, रेघ हा गुरु. भेद इतकाच कीं, आपला गुरु दोन मात्रांचा, तर हा तीन मात्रांचा आहे. 'कोणी आहे काय' या अर्थाची 'सी-क्यू' ही हांक आपल्या पद्धतीनें लिहिली तर ती 'गालगाल, गागालगा' अशी होते. आणि भारतीय चालकांच्या नांवांच्या आरंभीं येणारें 'व्ही-यू' हें 'लललगा, ललगा' असें. मिनिटाला तीस शब्दांच्या गतीनें एक लघु सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत संपतो. एवढ्या वेळांत ठिपके मोजणें अशक्यच. म्हणून खरा ऐकणारा मोजीत नाहीं, तो वृत्त ओळखतो. मंदाक्रांतेचा पहिला चरण कानीं पडतांच आपण गण पाडीत बसत नाहीं, तसेंच हें. ज्या विद्येंत डोळ्यांचा कांहींच उपयोग नाहीं आणि सर्व भार कानावर आहे, ती विद्या आपल्या मौखिक परंपरेच्या किती जवळची आहे हें वेगळें सांगावयास नको.

पाश्चात्त्य वाङ्मयानें या लिपीकडे लक्ष दिलें नाहीं असें नाहीं. एला चीव्हर थेयर या लेखिकेची 'वायर्ड लव्ह' ही कादंबरी १८७९ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः तारखात्यांत काम केलेली होती. तिची नायिका नॅटी तारेवरून 'सी' या एकाच अक्षरानें ओळखल्या जाणाऱ्या सहकाऱ्यावर मन जडविते. मध्येंच एक तोतया आपणच 'सी' म्हणून पुढें येतो. आणि अखेर खरा 'सी' टेबलावर पेन्सिलीनें ठिपके-रेघा वाजवून आपली ओळख पटवितो. कथानक हलकेंफुलकें आहे, पण त्यांतील निरीक्षण मोलाचें आहे: माणसाचा चेहरा फसवूं शकतो, त्याचा हात फसवीत नाहीं.

दुसरी कृति मुंबईंत जन्मलेल्या किप्लिंगची. त्याची 'वायरलेस' ही कथा १९०२ मधील. औषधांच्या दुकानांत मागल्या खोलींत मार्कोनीच्या यंत्राचे प्रयोग चालू आहेत, आणि पुढल्या खोलींत क्षयानें पछाडलेला कारकून, कीट्स कधीं न वाचतां, तंद्रींत कीट्सच्या ओळी लिहूं लागतो. कथेच्या शेवटीं दोन युद्धनौका एकमेकींना हांका मारीत असतात. एकीचें दुसरीस समजत नाहीं, मात्र दुकानांतील यंत्रास दोघींचेंहि ऐकूं येतें. किप्लिंगचें सामर्थ्य येथें पूर्णपणें प्रकट झालें आहे. तथापि दोन्ही लेखकांस या लिपींत जें दिसलें तें तिच्या पलीकडचें होतें. थेयरला तींत प्रेमाचें साधन दिसलें, किप्लिंगला गूढाचें प्रतीक. प्रत्यक्ष ऐकण्याची क्रिया, गोंगाटांतून एक नांव निवडून काढण्याची धडपड, या दोघांच्याहि कक्षेबाहेर राहिली. शर्यतींतील माणसास प्रेमहि मिळत नाहीं आणि गूढहि. त्याला मिळतें तें केवळ नांव.

येथेंच या शर्यतीवरील मोठा आक्षेप उभा राहतो. जो तीन अंकी आंकडा द्यावयाचा तो १९३४ पासून रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणें वाचनीयता, जोर आणि नादाची शुद्धता सांगणारा असावयास हवा. शर्यतींत मात्र प्रत्येक जण प्रत्येकास '५९९', म्हणजे सर्वोत्कृष्ट, असेंच कळवितो, आणि तेंहि वेळ वांचविण्यासाठीं नऊच्या जागीं 'एन' हें अक्षर घालून. ज्याचा ध्वनि जेमतेम कानीं येतो, ज्यास तीनदां नांव विचारावें लागतें, त्यालाहि '५९९'! पुढें जो विभाग सांगावयाचा तो बहुधा नांवावरूनच कळतो. तेव्हां हा संवाद कीं संवादाचें सोंग, असें कोणी विचारल्यास तें अप्रस्तुत म्हणतां येणार नाहीं.

या आक्षेपाचा अर्धा भाग आम्हांस मान्य नाहीं. पत्राच्या आरंभीं आपण 'सप्रेम नमस्कार' लिहितों तेव्हां प्रेमाचें मोजमाप करीत नाहीं. '५९९' हाहि तसाच मायना आहे. आणि नांवाखेरीज कांहीं उरत नाहीं हा दोष म्हणावा, तर नामस्मरणाचा महिमा गाणाऱ्या महाराष्ट्रानें तो तरी म्हणूं नये. नांव अचूक घेणें हेंच येथें सर्व कांहीं आहे. एक अक्षर चुकलें तर ती गांठ रद्द होऊन वर दंड पडतो.

परंतु उरलेला अर्धा भाग खरा आहे. रचना म्हणून पाहतां अमेरिकेंतील 'स्वीपस्टेक्स' ही १९३० पासूनची शर्यत आम्हांस श्रेष्ठ वाटते. ती अमेरिका व कॅनडापुरतीच मर्यादित असली तरी तींत पांच गोष्टी सांगाव्या लागतात: अनुक्रमांक, वर्गाचें अक्षर, स्वतःचें नांव, पहिला परवाना मिळाल्याच्या सालाचे शेवटचे दोन आंकडे आणि आपला प्रांत. ही मांडणी जुन्या तारेच्या शिरोलेखावरून घेतलेली आहे. अनुक्रमांक दर वेळीं बदलतो, म्हणून तो ऐकावाच लागतो. तर्कानें भरतां येत नाहीं. आणि ते सालाचे दोन आंकडे! समोरून '५८' असें आलें कीं, १९५८ पासून ज्याचा हात या कळीवर आहे असा एक वृद्ध क्षणभर आपल्यासमोर येऊन बसतो. भावनेचा एक शब्दहि न वापरतां एवढा परिणाम साधणारी योजना कोणत्याहि साहित्यकारानें हेवा करावा अशी आहे. जागतिक शर्यतीच्या चालकांनीं आपल्या ठराविक आंकड्यांऐवजीं असें कांहीं तरी ऐकण्याजोगें घातलें, तर तिचा दर्जा खात्रीनें वाढेल.

आतां शेवटचा आणि आमच्या मतें सर्वांत गंभीर मुद्दा. आजचें गणकयंत्र संपूर्ण तरंगपट्टा एकाच वेळीं ऐकून कोण कोठें आहे याची यादी पडद्यावर मांडूं शकतें, आणि इंटरनेटवरून अशा याद्या जगभर क्षणांत पोंचतात. ज्यांना ही मदत घ्यावयाची असेल त्यांच्यासाठीं वेगळा वर्ग आहे, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र निव्वळ एकट्याच्या वर्गांत ती निषिद्ध आहे. परीक्षक सर्वांच्या नोंदी एकमेकांशीं ताडून पाहतात. अग्रस्थानासाठीं झगडणाऱ्यांकडून ध्वनिमुद्रणहि मागविलें जाऊं शकतें. तरी पण रात्रीं तीन वाजतां, दार लावलेल्या खोलींत, ती यादी डोळ्यांआड ठेवणाऱ्यावर त्याच्या स्वतःवांचून दुसरा पहारा कोणता? जो यादी पाहून जातो त्यास तो दुर्मिळ देश सांपडतो. जो कानानें शोधतो त्यास तो कदाचित् सांपडणारहि नाहीं, आणि निकालपत्रांत तो खालीं दिसेल. त्याच्या संयमाची नोंद कोणत्याहि रकान्यांत होत नाहीं.

म्हणून आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. ही शर्यत केवळ सवय नव्हे. जी कामगिरी यंत्र अधिक वेगानें करूं शकतें ती माणसानें स्वतःच्या इंद्रियांनीं, स्वतः मान्य केलेल्या मर्यादेंत, कोणी पाहत नसतां करावी, यांत कलेचें एक मुख्य लक्षण आहे. वृत्तबद्ध कविता लिहिणाराहि मात्रांचें बंधन असेंच आपण होऊन पत्करतो. मात्र ही कला टिकावयाची तर ती नियमांच्या पुस्तकानें टिकणार नाहीं. यंत्र हातांशीं असूनहि आपल्या कानावर विसंबून राहणारीं थोडीं माणसें प्रत्येक पिढींत निघालीं, तरच ती टिकेल. आणि हें लघु-गुरूंच्या या शर्यतीइतकेंच आपल्या वाङ्मयासहि लागू आहे.