‘प्राजक्ता’ : एका पुष्पवाचक व्यक्तिनामाचा अर्थ, इतिहास आणि प्रतिष्ठा

प्रस्तावना

मराठी समीक्षेत पात्रांच्या स्वभावचित्रणाची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्यांच्या नावांची झालेली नाही. मुलामुलींची नावे सुचविणाऱ्या पुस्तकांतही ‘प्राजक्ता’ या नावापुढे ‘एक सुगंधी फूल’ एवढाच अर्थ दिला जातो. वस्तुतः व्यक्तिनाम हा समाजाच्या अभिरुचीचा दस्तऐवज असतो. प्रस्तुत लेखात ‘प्राजक्ता’ या नावाची व्युत्पत्ती, सांस्कृतिक अर्थ आणि लोकप्रियता यांचा विचार केला असून, ‘चंपा’ व ‘मोह’ यांच्याशी तुलना करून पुष्पवाचक नावांना प्रतिष्ठा कशी प्राप्त होते, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

व्युत्पत्ती

‘प्राजक्ता’ हा शब्द कानाला संस्कृत वाटतो. परंतु संस्कृतातील रूप ‘पारिजात’ अथवा ‘पारिजातक’ असे आहे. त्याचा संक्षेप व वर्णविपर्यय होऊन मराठीत ‘प्राजक्त’ हे रूप घडले. म्हणजे जे नाव आपण तत्सम समजून अभिमानाने ठेवतो, ते प्रत्यक्षात मराठी तोंडातून घडलेले आहे. मराठीत ‘प्राजक्त’ हा शब्द पुल्लिंगी असून आकारान्त रूप देऊन त्याचे स्त्रीनाम साधले गेले. पुरुषनाम म्हणूनही तो वापरात आहे. 2019 ते 2022 या काळात महाराष्ट्राचे राज्यमंत्री असलेले प्राजक्त तनपुरे हे त्याचे परिचित उदाहरण होय.

शब्दाइतकाच त्याचा वाच्यार्थही स्थिर नाही. अमरकोशात ‘पारिजातक’ हा शब्द ‘पारिभद्र’ म्हणजे सामान्यतः पांगारा मानल्या जाणाऱ्या वृक्षाच्या पर्यायांत येतो. आपण ज्याला प्राजक्त म्हणतो, त्या झाडाचे संस्कृत नाव ‘शेफालिका’. त्यावरूनच ‘शेफाली’ हे व्यक्तिनाम आणि बंगालीतील ‘शिउली’ हे फुलाचे नाव आले. तेव्हा वर्गात शेजारी बसणाऱ्या शेफाली आणि प्राजक्ता या दोघी एकाच फुलाच्या नावाने ओळखल्या जातात, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

सांस्कृतिक अर्थ

समुद्रमंथनातून निघालेला आणि श्रीकृष्णाने इंद्राच्या उद्यानातून आणलेला वृक्ष म्हणून पारिजातकास पुराणांत स्थान आहे. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलांचा सडा मात्र रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा मराठी घरांत आजही सांगितली जाते. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये, असा संकेत असताना प्राजक्त त्याला अपवाद ठरतो. गळून पडल्यावरही पवित्र राहण्याचा हा मान या नावाच्या अर्थाचा गाभा आहे.

याच फुलाचा दुसरा अर्थही आहे. गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या झाडाचा उल्लेख ‘दुःखी वृक्ष’ असा केला. सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याने अव्हेरल्यामुळे प्राण देणाऱ्या कन्येच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्योदयाबरोबर गळतात, अशी कथा तो नोंदवितो. लिनीयस याने 1753 मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातही हेच दुःख कायम राहिले. मुलीचे नाव ठेवताना आपण मात्र यातील फक्त सुगंध आणि पावित्र्य निवडतो. नामकरण ही अर्थाची निवड असते, हे येथे स्पष्ट होते.

लोकप्रियता व अभिरुची

अभिनेत्री प्राजक्ता माळी, समाजमाध्यमांतून पुढे आलेल्या प्राजक्ता कोळी ही नावे आज सर्वपरिचित आहेत. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयात अध्यापन करताना आढळणारे चित्रही असेच आहे. विद्यार्थिनींच्या आज्यांची नावे चंपा, शेवंता, गुलाब, कमल अशी, तर विद्यार्थिनींची प्राजक्ता, जुई, केतकी अशी असतात. ही गणना नसून निरीक्षण आहे. फुलांची आवड कमी झालेली नाही; फुलांची श्रेणी मात्र बदलली आहे.

हा बदल साहित्याने आणि रंजनमाध्यमांनी घडविला, की केवळ टिपला? विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाईंडर’ (1972) मध्ये लक्ष्मी आणि चंपा या दोन स्त्रिया समोरासमोर येतात. एकीचे नाव देवीचे, दुसरीचे फुलाचे. लक्ष्मीच्या नावामागे देव्हारा उभा आहे, चंपेच्या नावामागे काहीही नाही. मात्र तेंडुलकरांनी या संकेताची उलटतपासणी केली आहे. अखेरीस चंपेच्या मृत्यूस लक्ष्मीचे बोलणेच कारणीभूत ठरते आणि वाचकाची सहानुभूती चंपेकडे वळते. पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या 2019 मधील दुसऱ्या पर्वातील ‘शेवंता’ घरोघर पोहोचली, तीही गृहस्थीबाहेरची स्त्री म्हणून. हजेरी घेताना ‘चंपा’ या नावावर मागच्या बाकांवरून उमटलेले हसू प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे. ‘प्राजक्ता’ या नावावर ते कधीही ऐकू आले नाही. सोनचाफा देवाला चालतो, चंपा वर्गात चालत नाही, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

मोहाचे फूल

झाडीपट्टीचे स्वतःचे फूल कोणते, असा प्रश्न केल्यास उत्तर ‘मोह’ असेच येईल. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे झाडाखाली वेचलेल्या, वाळवून साठविलेल्या या फुलांनी अनेक कुटुंबांना टंचाईच्या दिवसांत जगविले आहे. प्राजक्ताप्रमाणेच हे फूलही रात्री फुलते, पहाटे गळते आणि जमिनीवरूनच वेचले जाते. तरीही आमच्याकडे मुलीला त्याचे नाव सहसा दिले जात नाही. बंगालीत ‘महुआ’ हे मुलीचे नाव रूढ आहे. रवींद्रनाथांच्या 1929 च्या काव्यसंग्रहाचे शीर्षकही तेच आहे. आपल्याकडे मोह दारूशी आणि दारिद्र्याशी जोडला गेला, तेथे तो काव्याशी जोडला गेला. फुलाचा गुणधर्म दोन्हीकडे एकच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पुष्पवाचक नावाची प्रतिष्ठा फुलाच्या सौंदर्यावर अवलंबून नसते. ते फूल कोणाच्या हातात दिसते, देव्हाऱ्यात की टोपलीत, यावर ती ठरते. ‘प्राजक्ता’ हे सुंदर नाव आहे आणि ते मराठीने घडविले, याचा आनंद मानावा. परंतु त्या सौंदर्याच्या मोजपट्टीने चंपा आणि शेवंता यांना हिणकस ठरविणे म्हणजे आपल्याच आज्यांना हिणकस ठरविणे होय. पात्रनामांच्या अभ्यासात हा सामाजिक पदर मराठी समीक्षेने लक्षात घेणे आवश्यक आहे. अध्यापकांनी तर हजेरी घेताना त्या हसण्याला वर्गातच उत्तर दिले पाहिजे.