‘व्यायामाने दाह कमी होतो’ : एका सरसकट विधानाची तपासणी

‘नियमित व्यायामाने शरीरातील दाह कमी होतो व वार्धक्य लांबते’ असे विधान आरोग्यविषयक लेखांतून वारंवार आढळते. निरोगी माणसापुरते ते बव्हंशी खरे आहे. मात्र चेता-स्नायू विकार असलेल्यांनाही ते जसेच्या तसे लावले जाते, याला आमची हरकत आहे.

पहिला दोष ‘दाह’ या शब्दाच्या वापरात आहे. अकोले तालुक्यातील कळसूबाई (१६४६ मीटर) चढून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. तंतूंना सूक्ष्म इजा होते, पांढऱ्या पेशी तेथे जमतात व दुरुस्ती सुरू होते. (याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडतात; पण ते तास-दोन तासांतच निघून गेलेले असते.) हा दाह तात्पुरता व उपकारक. याउलट उतारवयात रक्तात एक मंद दाह कायम राहतो. त्याकडे क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली लक्ष वेधले. व्यायामाने कमी होतो तो हा दुसरा.

दुसरा दोष रोगांच्या सरमिसळीचा. ड्यूशेन स्नायुक्षयात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्याने स्नायुपेशींचे आवरण रोजच्या हालचालीनेही फाटते. एक दुरुस्ती संपण्याआधी नवी इजा होते आणि दाह ठाण मांडून बसतो. म्हणून तेथे स्टेरॉइडे देतात. पोलिओत मात्र मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरक्या स्नायुतंतूंना सांभाळतात. हा जादा भार काही दशकांनी पेलेनासा होतो व नवी अशक्तता येते. अशा दोन गटांची सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही.

तिसरा दोष तुलनेचा. हालचाल कमी झाली की चरबी वाढते आणि चरबीही दाहकारक द्रव्ये सोडते. मग रक्तात ती जास्त आढळली, तर कारण कोणते : रोग, वय की बैठेपणा? त्याच वयाची, तितकीच कमी हालचाल करणारी, पण रोग नसलेली माणसे तुलनेला घेतल्याशिवाय हे ठरत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९९५ साली सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेच्या बूथवर अनेक शिक्षकांनी काम केले. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. रोग गेला, पण लहानपणी तो झालेली माणसे अहिल्यानगर जिल्ह्यातही आज पन्नाशी-साठीत आहेत. पाय पुन्हा अशक्त होऊ लागला की एक जण सांगतो ‘चालणे वाढवा’, दुसरा सांगतो ‘हलूच नका’. दोन्ही सल्ले घातक. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली थोडा, मध्ये विश्रांती घेत, दमणूक दुसऱ्या दिवशी उरणार नाही इतपत व्यायाम हाच त्यांना मानवतो.

म्हणून असे विधान वर्गात आले की कोणता दाह, कोणता रोग आणि तुलना कोणाशी, हे विचारायला विद्यार्थ्यांना शिकवावे. आणि वर्गात ड्यूशेनचा मुलगा असेल, तर ‘ताकद येईल’ म्हणून त्याला उठाबशा काढायला लावू नये.